आश्विनातला मसाला

मसाला करायचा तो चैत्र-वैशाखात, हे आमच्या कोकणात लहान पोरालाही ठाऊक असते. नवी मिरची तोवर बाजारात आलेली असते, ऊन कडक असते आणि पुढच्या पावसाळ्याची बेगमी करायची घाई असते. आश्विनात कुणी मसाला करत नाही. आश्विनात केलेल्या मसाल्याला ऊन दाखवतात, एवढेच.

पण हे ऊन दाखवणेही आमच्या घरी एखाद्या सणासारखे असते. पाऊस उघडला, भाताच्या लोंब्या पिवळ्या पडू लागल्या की दादी सकाळी उठून आधी आभाळ बघते. सलग दोन दिवस आभाळ निवळ दिसले की बरण्या बाहेर निघतात. बरणीच्या तोंडाचा दादरा सोडला की चार महिने कोंडलेला वास एकदम घरभर होतो. कुटलेल्या मसाल्याच्या दमट हवेने गुठळ्या झालेल्या असतात. जुन्या ओढणीवर तो पसरायचा, गुठळ्या बोटांनी फोडायच्या, वरून मलमलीचे कापड घालायचे, म्हणजे वाऱ्याने उडत नाही आणि वासही फार जात नाही. खडा मसाला सुपात काढून पाखडायचा. बरणी पुसून, तापवून कोरडी करायची. तळाचा हिंगाचा खडा बदलायचा. हिंग असला की कीड लागत नाही. दुपारी दोनच्या आत सगळे पुन्हा आत गेले पाहिजे, कारण परतीचा पाऊस तीनच्या सुमाराला गडगडत येतो आणि कुणाला विचारून येत नाही.

त्या दिवशी घरात बांगड्याचे सालन ठरलेले. ऊन खाल्लेला मसाला, ओले खोबरे, आमसूल आणि वरून ठेचलेली चार तिरफळे. भादव्यापासून बांगडा मुबलक मिळतो आणि तिरफळेही ताजी असतात. मुसलमानाच्या घरचा मसाला म्हटला की लोकांना बिर्याणीच आठवते. ओळख झाली की दुसऱ्याच वाक्यात बिर्याणी कधी खिलवणार, असे विचारतात. आमच्या घरी बिर्याणी वर्षातून चार वेळा होते. रोज शिजतो तो भात आणि मासळी, आणि त्यात जातो तो हा मसाला.

आम्ही म्हणजे दादी, अम्मी, भाभी आणि उर्दू शाळेत शिकवणारी घरची लेक. चिपळूणला वाशिष्ठीच्या काठी आमचा मोहल्ला आहे. घरात बोलतो कोकणी, शिकलो उर्दूत, बाजारहाट मराठीत. त्यामुळे फडताळातल्या एकेका बरणीला दोन-दोन नावे. दादीची जावित्री ती वाण्याची जायपत्री. दादीचे बादियान ते वाण्याचे चक्रीफूल. दगडफुलाला घरात उर्दू नावाने कुणीच हाक मारत नाही आणि शाहजिरे दोन्हीकडे शाहजिरेच. अब्बांनी बरण्यांवर उर्दूत चिठ्ठ्या लावल्या होत्या. भाभी मराठी शाळेत शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला त्या वाचता येईनात, म्हणून तिने खाली मराठीत नावे लिहिली. दोन्ही ओळी वर्षानुवर्षे एकाच बरणीवर सुखाने नांदत होत्या.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. आमचे सण ऋतूला बांधलेले नाहीत. हिजरी वर्ष ३५४-५५ दिवसांचे, त्यामुळे ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २००४ ते २००६ ही तीन वर्षे रमझान ईद दिवाळीला लागून आली होती. आम्ही तेव्हा शाळकरी पोरी. शेजारच्या काकूंच्या चकल्या आणि आमचा शीरखुर्मा त्या वर्षांत एकाच आठवड्यात इकडून तिकडे जात. आता ईद उन्हाळ्याच्या तोंडाशी आली आहे, पुढे थंडीत जाईल. म्हणजे घरात ऋतू कळतो तो सणावरून नव्हे, स्वयंपाकघरावरून. चंद्राचा हिशेब मशिदीत आणि सूर्याचा हिशेब चुलीपाशी, अशी आमच्याकडे वाटणीच आहे म्हणा ना. चैत्रात मसाला, आश्विनात त्याला ऊन. यात कधी बदल झाला नव्हता.

२०२१ साली झाला.

त्या वर्षी बकरीद २१ जुलैला, बुधवारी आली. कुर्बानीच्या गोश्ताचे रिवाजाप्रमाणे तीन वाटे केले. एक गोरगरिबांचा, एक नातेवाईक-शेजाऱ्यांचा, एक घरचा. पहिले दोन संध्याकाळपर्यंत पोचवून झाले. घरचा वाटा फ्रीजमध्ये गेला. मसाल्याची मोठी बरणी त्या दिवशी दोनदा उघडली होती. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि पहाटे पाणी अंगणात आले.

पूर आम्हाला नवा नव्हता. २६ जुलै २००५ चे पाणी आम्ही पाहिले होते. ते जिथवर चढले तिथे अब्बांनी स्वयंपाकघराच्या भिंतीत एक खिळा ठोकून ठेवला होता. नंतर फडताळ करून घेतले ते त्या खिळ्याच्या हातभर वर. मसाला, लोणची, तांदळाचे डबे सगळे त्या फडताळात. सोळा वर्षे आम्ही त्या खिळ्याच्या भरवशावर निर्धास्त झोपलो. २२ जुलैला सकाळी जिन्यावर बसून आम्ही खिळ्याकडेच बघत होतो. नऊच्या सुमाराला खिळा बुडाला. मग फडताळाची खालची फळी, मग वरची. पुढे बघण्यासारखे काही उरले नाही. दादीला धरून आम्ही माडीवर गेलो.

पाणी ओसरायला दुसरा दिवस उजाडला. चिखलात काय काय झाले ते वर्तमानपत्रांत सगळ्यांनी वाचले आहे, ते पुन्हा सांगत नाही. फ्रीज आडवा पडला होता आणि आतला घरचा वाटा नासला होता. पाच बरण्यांपैकी दोन फुटल्या, तीन शाबूत होत्या, पण त्यांत मसाल्याऐवजी तांबूस काळे पाणी. एप्रिलमध्ये केलेला नऊ किलो मसाला. त्यातला दोन किलो दुबईच्या भावाचा होता. एप्रिलअखेर करोनामुळे तिकडची विमाने बंद झाली, न्यायला कुणी मिळाले नाही, म्हणून त्याचाही वाटा घरातच राहून गेला होता. अम्मीने बरण्यांना आम्हाला हात लावू दिला नाही. अन्न उकिरड्यावर टाकायचे नाही म्हणून तिने परसात माडाच्या बुंध्याशी खड्डा केला आणि गोश्त अन् मसाला दोन्ही पुरले.

त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात दादीने एक हदीस सांगितली. ती आम्ही मदरशात लहानपणी ऐकली होती, पण ऐकून सोडून दिली होती. हुजूरांच्या घरी एकदा बकरी कापली. गोश्त वाटून झाल्यावर त्यांनी विचारले, काय उरले? बीबी आयेशा म्हणाल्या, खांद्याचा तुकडा तेवढा उरला. त्यावर हुजूरांनी सांगितले की, खांद्याचा सोडून बाकी सगळे उरले. जे दिले तेच शिल्लक, घरात ठेवले ते संपणारे. दादी एवढेच सांगून कूस बदलून झोपली. आम्ही मात्र जाग्या होतो. ईदच्या दिवशी वाटलेले दोन वाटे लोकांच्या पोटात गेले होते. ठेवलेला वाटा परसात पुरला होता. हिशेब इतका सरळ होता की त्याची भीती वाटली.

पुढचे दिवस मदतीचे. चहूकडून गाड्या येत होत्या. त्या दिवसांत कुणीच कुणाचा धर्म विचारला नाही असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही, पण आमच्या गल्लीत तरी तसे झाले नाही. आटा, डाळ, तेल, मीठ, तिखटाची पाकिटे असे जिन्नस पिशवीत असत. घ्यायला रांगेत उभे राहावे लागे. अम्मी रांगेत उभी राहिली नाही. तिला ते जमेचना. या घराने आजवर मसाला दिला होता. कुणाच्या घरी लग्न असो, बाळंतपण असो, सासरी जाणारी पोर असो, अम्मी वाटीभर मसाला बांधून द्यायची. घेण्याची सवय या घराला नव्हती. घेताना मान कशी ठेवायची, हे अम्मीला वयाच्या साठीत शिकायचे होते.

एका पिशवीत, पाकिटांच्या खाली, गाठ मारलेली एक साधी प्लॅस्टिकची पिशवी निघाली. त्यात पाव किलोभर घरचा मसाला. नाव नाही, गाव नाही. भाभीने गाठ सोडली आणि आम्ही चौघींनी एकदम वास घेतला. लसूण, तळलेला कांदा, सुके खोबरे, तीळ. म्हणजे घाटावरचा. आमच्या मसाल्यात कांदा-लसूण घालत नाहीत, तो सालनात पडतो. कुणी तरी बाईने स्वतःच्या वर्षाच्या बरणीतून काढून तो बांधला होता. दुकानातून पाकीट आणून टाकणे सोपे होते. तिने तसे केले नाही.

दोन दिवस अम्मीने त्या पिशवीला हात लावला नाही. पाकिटातले तिखट आणि हळद यावर डाळ शिजत होती. तिसऱ्या दिवशी दादी म्हणाली, "देणारीचे मन मोडायचे नसते. तिने भरवशाने दिलाय." अम्मीने मुकाट्याने चमचाभर मसाला डाळीत घातला. डाळ निराळी झाली, पण घरी शिजलेल्या अन्नासारखी झाली. ती पिशवी आम्ही सप्टेंबरअखेरपर्यंत पुरवून वापरली.

ऑक्टोबर उजाडला. ४ तारखेपासून शाळा उघडल्या, गावात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासून. पोरे वर्गात आली ती पुराच्या गोष्टी घेऊन. घरात भिंतींना ओल होती, पण पाऊस उघडला होता. दादीने सवयीने आभाळ बघितले आणि म्हणाली, "बरण्या काढा." मग तिच्याच ध्यानात आले की बरण्यांत काही नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मग मसाला करू."

अम्मी म्हणाली, चैत्रापर्यंत पाकिटावर भागवू. या दिवसांत मिरची जुनी मिळते, महाग मिळते, रंगाला उतरलेली असते. तिचे खरेच होते. ब्याडगी मिरचीचा हंगाम जानेवारी ते एप्रिल. ऑक्टोबरात मिळते ती शीतगृहातली. पण दादी ऐकेना. शेवटी कुंभार्ली घाटातून येणाऱ्या एका ओळखीच्या टेम्पोवाल्याकडून कराडची तीन किलो मिरची मागवली.

बाकीचे जिन्नस गोळा करताना आश्विनाचाही एक फायदा कळला. दालचिनी कोकणात याच दिवसांत काढतात. पावसाळा सरताना सालीत रस असतो, ती फांदीवरून सहज सुटते. डोंगराकडच्या एका ओळखीच्या बागेतून ताजी साल आली. चैत्रात आम्ही वाण्याकडची कपाटात राहिलेली दालचिनी वापरतो. ही तोंडात धरली तर गोड लागली आणि मग जीभ चुरचुरली. जायफळ आणि जायपत्रीही त्याच बागेतली, पावसाळ्यात उतरवून वाळवलेली.

अडचण मापाची आली. दादीचे माप म्हणजे एक जुनी करवंटी, घासून घासून काळी तुकतुकीत झालेली. एक किलो मिरचीला धण्याच्या सहा करवंट्या, जिऱ्याची एक, बाकीचे मुठीने आणि चिमटीने. करवंटी पुरात तरंगत गेली. दादीने परसातले नारळ फोडायला लावले आणि एकेक वाटी हातात घेऊन परत ठेवू लागली. सातवी वाटी तिच्या तळव्यात बसली. शिक्षकाची खोड जात नाही. आम्ही त्या करवंटीभर धणे वजनकाट्यावर तोलले. ८५ ग्रॅमच्या आसपास भरले. मग शाळेच्या वहीत उर्दूत लिहीत गेलो. मिरी पन्नास, बडीशेप पन्नास, लवंग पंचवीस, दगडफूल पंचवीस, हळकुंडे शंभर. भाभीने समोरच्या पानावर तेच मराठीत उतरवून घेतले. दादीला आकडे विचारले की ती देई, पण भाजायला किती मिनिटे हे विचारले तर हसे. "धणे बोलायला लागले की उतरवा. खसखस सर्वांत शेवटी, ती वाट बघत नाही. मेथी करपली तर अख्खा मसाला कडू."

मिरची तीन दिवस माडीच्या पत्र्यावर वाळवली. तिन्ही दिवस दुपारी पाऊस गडगडला आणि तिन्ही दिवस आम्ही चौघी धावलो. दादीने गुडघ्यांमुळे दारातूनच आरडाओरडा केला. मसाला कांडायची गिरण बंद होती. तिची मोटार पाण्याखाली गेली होती, ती दिवाळीनंतर सुरू झाली. म्हणून परसातली व्हायन, जमिनीत बसवलेले दगडी उखळ, उघडली. तिच्यात पुराचा गाळ बसून घट्ट झाला होता. तो खरवडून काढला, मग मिठाने, मग तांदळाच्या कोंड्याने व्हायन घासली. तरी पहिला घाणा कांडताना आम्हाला वाटत होते की मसाल्याला गाळाचा वास येतोय. अम्मी म्हणाली, तो वास मसाल्याला नाही, आपल्या नाकाला आहे. दोघी मुसळ धरायच्या, एक चाळायची, एक वर आलेला भरडा पुन्हा आत लोटायची. शेजारच्या काकू शिंकत शिंकत आल्या आणि म्हणाल्या, "आश्विनात ठसका कुणाकडे म्हणून बघायला आले." मग त्याही मुसळाला लागल्या. त्यांचीही वर्षाची बरणी गेली होती.

मुंब्र्याची फुफी त्याच आठवड्यात आली. एप्रिलचा मसाला केला की तिचा वाटा दर वर्षी जातो. तिने डबा उघडून समोर ठेवला. त्या वर्षीचा आमचा तेवढाच मसाला जगात उरला होता, कारण तो आम्ही देऊन टाकला होता. दादीची गोष्ट तेव्हा पुन्हा आठवली, पण कुणी बोलले नाही. फुफीचा मसाला आणि नवा मसाला दोन बशांत घेऊन दादीने आळीपाळीने वास घेतला. नवा रंगाला फिका होता. दादी म्हणाली, "दालचिनी पुढे पळतेय. पण माझाच आहे."

१९ ऑक्टोबरला, मंगळवारी, मिलाद आणि कोजागिरी एकाच दिवशी आली. मशिदीत नियाज होती. रात्री काकूंच्या माडीवर दूध आटवले. चारोळ्या-बदाम यथातथाच होते, पण जायफळ आणि वेलची आमच्या सुपातली होती. पुराने फुगलेली त्यांची दारे अजून लागत नव्हती, त्यामुळे बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. फुफीने आणलेल्या आणि नव्या मसाल्याचे मिळून चार वाट्या काकूंकडे गेले. अम्मीने दिले. बऱ्याच दिवसांनी तिने काही दिले.

तेव्हापासून आमच्याकडे मसाला दोनदा होतो. अर्धा चैत्रात, अर्धा आश्विनात. वर्षाचा मसाला एकदम करून एका फडताळात ठेवायचा, यात वर्षावर जो भरवसा असतो, तो आता आमच्याजवळ नाही. जो झाला तो लगेच वाटतो. एक डबा मुंब्र्याला, एक दुबईला, एक उंचावर राहणाऱ्या खालाकडे, एक काकूंच्या माडीवर. त्यांच्या मसाल्याचा एक डबा आमच्या माडीवर असतो. फडताळात दोन महिन्यांचा ठेवतो. भिंतीत दुसरा खिळा मात्र कुणी ठोकला नाही. अब्बांनी हातोडी घेतली होती. दादी म्हणाली, राहू दे.

पुराची आठवणही दोनदा येते. सरकारी कागदावर ती २२ जुलै. दादीच्या हिशेबात पूर बकरीदच्या दुसऱ्या दिवशी आला, त्यामुळे बकरीद मागे सरकते तशी तिची भीतीही सरकते. २०२५ साली बकरीद ७ जूनला होती. ८ तारखेला पहाटे दादी जिन्यात येऊन बसली होती.

दादी आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिला वास येईनासा झाला आहे. भाजलेले धणे तळव्यावर घेऊन तिच्यापुढे धरले की ती हुंगते आणि मान हलवते. आम्हाला कळते, तिलाही कळते. वही आहे, पण वहीत वास लिहिता आलेला नाही. आता धणे बोलायला लागले की भाभीच उतरवते.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूरकडे नद्या शेतांतून आणि घरांतून गेल्या. शाळेत मदतीच्या पिशव्या भरल्या जात होत्या. पोरांनी घरून तांदूळ, साबण, वह्या आणल्या. आश्विनाचा मसाला तेव्हा अजून कांडायचा होता, पण फडताळात चैत्रातला थोडा होता. अम्मीने पाव किलो काढला, साध्या पिशवीत भरला, हवा दाबून गाठ मारली. चिठ्ठी लावू का, असे भाभीने विचारले. अम्मी नको म्हणाली. तांदळाच्या खाली ती पिशवी गेली.

आमच्या मसाल्यात लसूण नसतो. ज्या घरी तो पोचला असेल, तिथल्या बाईने गाठ सोडून वास घेतला असेल आणि कदाचित दोन दिवस हात लावला नसेल. तिसऱ्या दिवशी तरी तिने चमचाभर डाळीत घातला असावा, अशी आमची दुआ आहे.